एकविसावं पीस

पुलाआधीच्या वळणावर विजयमालानं अंगठा जोरात डावीकडे ओढला, तरी तिची लाल गाडी कठड्याला घासलीच. मोबाईलच्या काचेवर ठिणग्या उडाल्या. एरवी अशा वेळी पुढची निळी गाडी थबकायची. मागं वळून बघावं तशी तिरपी उभी राहायची आणि लाल गाडी कठड्यापासून सुटली, की मगच हलायची. आज ती थांबली नाही. हवं तेवढंच वळण घेऊन, कठड्याला बोटभरसुद्धा न लागता, ती पुलापलीकडे गेली आणि शेवटची पांढरी रेघ ओलांडून मोकळी झाली.

रेघेच्या अलीकडे थांबून आईला पुढं जाऊ द्यायचं, हा लेकीचा, धनूचा रिवाज. गेल्या अठरा दिवसांत तो एकदाही मोडला नव्हता.

विजयमालाची गाडी कशीबशी रेघेपार गेली. मग रोजच्यासारखं बक्षिसाच्या मोरगाडीचं चित्र आलं. पुढं मोराची मान, मागं उभारलेला पिसारा आणि सगळ्या गाडीभोवती गुंडाळलेला साखळदंड, त्याला हे एवढं कुलूप. पिसाऱ्यात एकवीस पिसं होती. अठरा रंगली होती. आता एकोणिसावंही खालून वर निळं-हिरवं होत गेलं. उरलेली दोन करडीच होती, पावसात भिजलेल्या राखेसारखी.

रोज रंग चढताना तिचे हात आपोआप जुळायचे. आज फोन मांडीवर तसाच राहिला.

"ही धनू न्हाई," ती देव्हाऱ्याकडे बघत म्हणाली.

बाहेर गिरणी चालू होती. केडगावात, पुणे रस्त्याला लागून त्यांचं घर. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, मागं दोन खोल्यांत संसार. गिरणीचा आवाज आहे तोवर नवरा, बिभीषण, तिथून हलणार नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं फोन पदराखाली घेतला, उदबत्तीच्या डब्यामागं ठेवला आणि मग उगीचच पुन्हा काढून बघितला. निळी गाडी निघून गेली होती.

हा खेळ धनूनंच तिच्या फोनमध्ये घातला होता. दोन वर्षांपूर्वी विजयमालाचा पाय मोडला, दीड महिना प्लास्टर. पडल्या पडल्या ती जपाची माळ ओढायची, नाहीतर उठायला बघायची.

"देवाला पन थोडी सुट्टी दे, आई," धनू म्हणाली होती. "ही गाडी पळव. पाय एका जागी राहील."

जेवणं उरकली, भांडी झाली, की दुपारी तीनला दोघींची शर्यत. धनू हसत हसत सगळीकडे आपटायची, आणि तरीही पुढं असायची. खेळात दोघींची जोडी होती, जोडीला नाव द्यावं लागे. धनूनं नाव दिलं, 'गिरणीवाल्या दोघी'.

मग कोपरगावचं स्थळ आलं. साखर कारखान्यात कामाला असलेला मुलगा, चांगली माणसं. साखरपुड्याला चार दिवस उरले असताना धनू अकोल्याच्या अंगदबरोबर गेली आणि दोघांनी कोर्टात लग्न केलं. अंगद अकोले ते राजूर जीप चालवायचा. बिभीषण ओरडला नाही, रडला नाही. कोपरगावला जाऊन खाली मान घालून माफी मागून आला, अंघोळ केली, आणि खंडोबाच्या टाकापुढं विजयमालाला उभं केलं.

"उचल बेलभंडारा."

तिनं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला.

"बोलनार न्हाई. फोन करनार न्हाई. तिच्या दारात जानार न्हाई. म्हन."

ती म्हणाली. दहा महिने झाले त्याला. एकादशी, संकष्टी, सोमवार, सगळं पाळणाऱ्या बाईनं उचललेला बेलभंडारा तो. दुसरं कुणी असतं, तर पळवाट काढली असती. तिला ते सुचण्यातलं नव्हतं.

श्रावणात गल्लीतली रंगुबाई दळण घेऊन आली. तिचं माहेर राजूरकडचं. पायली ठेवता ठेवता सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "मालाबाई, तुज्या लेकीला दिस गेल्यात म्हनं. दिवाळीच्या आत मोकळी व्हईल. पयलं बाळातपन तर मायेरीच असतं बाई, न्हाई का?"

विजयमालानं नवऱ्याकडं बघितलं. तो दळणावर चिठ्ठी खोचत होता. भुवयांवर पीठ, डोळे चिठ्ठीवर.

"गव्हात खडं हाईत," एवढंच तो म्हणाला.

आणि घटस्थापनेच्या दिवशी, घट बसवून ती जरा टेकली तोच, दहा महिने मुका पडलेला खेळ फोनमध्ये वाजला. जोडीदार बोलावतोय. खाली कुलूपबंद मोरगाडीचं चित्र. जोडीनं रोज एक शर्यत, असे एकवीस दिवस. एक दिवस चुकला तर सगळी पिसं पुन्हा करडी. हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. असा नेम जगात दुसऱ्या कुणाला कळला नसता, इतका तिला कळला.

प्रश्न वेगळाच होता. ती देव्हाऱ्यापुढं फोन घेऊन बसली आणि उपवासाला काय चालतं, काय चालत नाही हे पारखावं, तसं तिनं पारखलं. हे बोलणं आहे का? नाही. फोन करणं? नाही. दारात जाणं? तेही नाही. खेळात हॉर्न होता, हसरी-रडकी चित्रं पाठवायची सोय होती. ते तिनं स्वतःच वर्ज्य केलं. हॉर्न म्हणजे हाकच की. नुसती गाडी चालवायची. नऊ दिवस अखंड दिव्याची वात सारखी करताना तिच्या मनात दोन ज्योती होत्या आणि दोन्ही विझल्या नाहीत. दसरा झाला, कोजागरी झाली.

देवीनं सोयही लावून दिली होती. बिभीषण वर्षानुवर्षं दोन ते चार झोपायचा. यंदा घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवसापासून तो पावणेतीनलाच उठून गिरणीत जायला लागला. सणाचं दळण असेल, तिनं धरून चाललं. रेणुकामातेला मनातल्या मनात हात जोडले आणि जास्त चौकशी केली नाही.

निळी गाडी न थांबता गेली, त्या दिवशी संकष्टी होती. चंद्र बघून, नैवेद्य दाखवून दोघं जेवायला बसली. भाकरीचा पहिलाच घास विजयमालाच्या दाताखाली कचकन वाजला.

"दगडाची कच येतीया," ती म्हणाली.

"बाजरीच तसली हाय यंदाची." बिभीषण खाली बघून चावत राहिला.

तिला पुढं काही विचारायचं सुचलं नाही.  निळी गाडी धनूची नव्हती, तर मग धनूचा फोन कुणाच्या हातात होता, आणि धनू कुठं होती? दिवाळीच्या आत, असं रंगुबाई म्हणाली होती. दिवाळी आठवड्यावर आली होती. भंडारदऱ्याच्या बाजूला पाऊस लांबला की रस्ते कसे होतात, हे तिनं ऐकलं होतं. ती पाणी प्यायला उठली, बसली, पुन्हा उठली.

"काय होतंय तुला?"

"काय न्हाई. उपास बाधला."

"तीस वर्सांत बाधला न्हाई त्यो," बिभीषण म्हणाला, आणि ताटात हात धुऊन उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या जात्यांना टाकी लावणारा, झिजलेल्या दगडांना पुन्हा खाचा पाडून देणारा बजरंग आला. छिन्नीचे ठोके पडायला लागले. विजयमाला मागं तुळशीला पाणी घालत होती. एक तांब्या घातला, दुसरा घातला, तिसरा घालताना पाणी वृंदावनातून पायावर आलं तेव्हा थांबली.

"मालक," पुढून बजरंगचा आवाज आला, "पंदरा दिस न्हाई झालं टाकी लावून. पार गुळगुळीत. दानं दळता का दगडानं दगड दळता?"

"तू तुजं काम कर."

"करतोय की. मला काय, मला धंदाच हाय. पन सासऱ्यानं दिल्यालं दगड हाईत म्हनून बोललो."

विजयमालानं ते ऐकलं आणि सोडून दिलं. तीन वाजायला अजून सहा तास होते.

पावणेतीनला गिरणी सुरू झाली, आणि तीनला निळी गाडी आली. आज विजयमालानं शर्यतीकडं लक्षच दिलं नाही. ती पुढच्या गाडीचा हात बघत राहिली. गाडी डोंगराच्या अंगानं चालत होती. दरीच्या बाजूला मोकळा रस्ता असूनही तिकडं जात नव्हती. आणि पुढचं दिसत नाही असं वळण आलं, की हॉर्न वाजवत होती. खेळात समोरून कुणी येत नाही. तरी प्रत्येक वळणावर हॉर्न.

घाटात रोज माणसं वाहणाऱ्याचा हात होता तो.

म्हणजे जावई.  नवरा असा भरदुपारी जीप उभी करून, बायकोचा फोन घेऊन, सासूबरोबर खेळण्यातली गाडी पळवतो, ते कशासाठी? नेम मोडू नये म्हणून. आणि नेम दुसऱ्याच्या हाती कधी देतात? आपण उठू शकत नाही तेव्हा. तिच्या स्वतःच्या बाळंतपणात सासूनं तिचे सोमवार धरले होते.

आणि मग तिला एकदम आठवलं. बेलभंडारा धनूच्या नावानं उचलला होता. अंगदचं नाव त्यात नव्हतं.

तिनं देव्हाऱ्याकडे एकदा बघितलं. मग अंगठा हॉर्नवर ठेवला आणि दाबून धरला. लांबलचक. तिला स्वतःलाच तो आवाज ओरडल्यासारखा वाटला.

निळी गाडी पुलाच्या मधोमध उभी राहिली. बराच वेळ हलली नाही. मग दोनदा वाजली, छोटं-छोटं. घाटातल्या हॉर्नची भाषा विजयमालाला कुठली यायला? पण पुढं पांढरी रेघ आली, तेव्हा निळी गाडी थांबली. फार अलीकडे, कडेला घेऊन, पॅसेंजर उतरवताना जीप लावावी तशी नीट. विजयमालाची गाडी तिच्या शेजारून हळू पुढं गेली आणि रेघ ओलांडली.

काल त्याला हा रिवाज माहीत नव्हता. आज माहीत होता. म्हणजे कुणीतरी सांगितला. म्हणजे सांगणारी बोलत होती.

विसावं पीस रंगलं. ती पदर डोळ्यांना लावून बसली. पण जीव काही जागेवर येईना. बोलत होती, तर खेळत का नव्हती?

एकविसाव्या दिवशी तिनं सकाळपासून तोंडात काही घातलं नाही. कुठला उपास, हे बिभीषणनं विचारलं नाही. पावणेतीनला तो उठला, टोपी घातली, गिरणीत गेला. पट्टा फिरला.

तीन वाजले. निळी गाडी आली नाही.

तीन-दहा. विजयमालानं फोन बंद करून चालू केला. देव्हाऱ्यातलं तेल बघितलं, भरलेलंच होतं. दारापर्यंत गेली, परत आली. पलीकडे चादर वाळत होती, ती तिनं घडी करून आत आणली, दमटच होती. तीन-वीस. ती भिंतीला टेकून बसली. डोळ्यांना बघायला काही नव्हतं, म्हणून कान उघडले.

आणि तिला गिरणी ऐकू आली.

तीस वर्षं ती या आवाजात जगली होती. बाजरी पडली की गिरणी घुमते, गहू पडला की जड होते, हरभरा सुरुवातीला कडकड करतो. झोपेतसुद्धा तिला कळायचं, कुठलं दळण चाललंय. आत्ताचा आवाज यातला कुठलाच नव्हता. उंच, कोरडा, खणखण. दगडावर दगड.

ती उठली आणि मधल्या दाराच्या फटीतून बघितलं.

गिरणीत कुणी नव्हतं. ओट्यावर एकही डबा नाही, पिशवी नाही. वरचं पत्र्याचं नरसाळं रिकामं. पीठ पडायच्या कापडातून नुसता वारा फरफरत होता. आणि बिभीषण दाराकडे पाठ करून उपड्या डब्यावर बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर. एकदा त्यानं मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग पुन्हा रस्त्याकडे. रिकामी गिरणी फिरवणाऱ्या नोकराला त्यानं एकदा उभ्या उभ्या काढून टाकलं होतं.

बाजरीतली कच, बजरंगची टाकी, दुपारची मोडलेली झोप. गिरणीचा आवाज आहे तोवर आपण आत येणार नाही, हे तिला कळावं म्हणून तो रोज रिकामे दगड फिरवत होता.

मागं फोन वाजला.

ती धावलीच. निळी गाडी उभी होती. तिनं फोन मांडीवर टेकवला. शर्यत सुरू होण्याआधी जोडीचं नाव येतं, ते आलं. रोजचं म्हणून तिची नजर त्यावरून पुढं सरकली होती, ती परत फिरली.

'गिरणीवाल्या तिघी'.

तिनं ते अक्षर अक्षर लावून पुन्हा वाचलं. तोवर शर्यत सुटली होती. निळी गाडी सुटली नव्हती. शेजारी उभी राहून वाट बघत होती.

त्या दिवशी दोन्ही गाड्या सगळ्या रस्त्यानं लागून चालल्या. वळणावर निळी गाडी हॉर्न वाजवायची, आणि मागोमाग लाल गाडीही. रेघ आली. निळी थांबली, लाल पुढं गेली. एकविसावं पीस खालून वर रंगत गेलं. साखळदंड तुटून पडला, पिसारा उघडला. मोरगाडीत दोन जागा होत्या, एक पुढं चालवायची, एक मागं बसायची. कुणाला आणायला जावं, तशी मागची जागा रिकामी होती.

विजयमालानं गाडी सुरू केली नाही. फोन तसाच देव्हाऱ्यापुढं ठेवला, दिवा सारखा केला, आणि कोठीतून पायलीभर गहू काढून निवडायला घेतले. निवडून झाले तेव्हा चार वाजत आले होते. गिरणी अजून चालूच होती.

ती मधलं दार उघडून आत गेली. बिभीषण दचकून उठला.

"गिऱ्हाईक आत्ताच गेलं," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "दळन टाका. दगड झिजत्यात."

त्यानं डबा हातात घेतला.

"जाडसर दळा."

"कशाला जाडसर?"

"मेथीच्या लाडवाला."

बिभीषणचा हात नरसाळ्याच्या काठावर थांबला. या घरात मेथीचे लाडू एकदाच झाले होते, बावीस वर्षांपूर्वी. तेव्हाही गहू त्यानंच दळले होते.

गिरणी रिकामी खणखणत होती. त्या आवाजात त्यानं विचारलं, ते विजयमालाला ओठांवरूनच कळलं.

"काय झालं?"

"मुलगी."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. भुवईचं पीठ गालावर आलं.

"आन् ती? बरी हाय?"

"ते मला कसं ठाव?" विजयमाला म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "मी कुटं बोललीया तिच्याशी? बेलभंडारा मी उचललाय. मी जानार न्हाई." तिनं ओट्यावरचं पीठ पदरानं झाडलं. "तुमी न्हाई उचलला."

 मग वळून त्यानं दगडांतलं अंतर कमी-जास्त करायची चकती अर्धा फेरा सैल केली, आणि डबा नरसाळ्यात उपडा केला. दाणे दगडांत गेले. आवाज उतरला, जड झाला, घरात सगळीकडे भरून राहिला. कापडातून पहिली जाडसर कणीक पडली. ती त्यानं चिमटीत घेऊन चोळून बघितली, चकती आणखी जराशी फिरवली, पुन्हा बघितली.

"एवढी?"

"एवढीच."

दळण संपल्यावर त्यानं पट्टा बंद केला. दारात टांगलेली पाटी काढली. वीज गेली की लावायची ती पाटी. तिच्यावरचं 'लाईट नाही' त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसलं, खडू शोधला, आणि उंबऱ्यावर बसून सावकाश लिहिलं, 'उद्या गिरणी बंद'.

पाटी अडकवून तो दोन पावलं मागं आला, वाचली. मग पुन्हा काढली, आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'परवा पन'.